जॉन बनियन ह्याची मनःशांति

मन आवरत नाहीं अशी तक्रार करणारे गृहस्थ आम्हांस नित्य भेटतात, व त्यांतील बहुतेक एखादा नेम धरण्याच्या विचारांत असतात. अशांनीं जॉन बनियन ह्या इंग्रज कल्हईवाल्याचें चरित्र अवश्य पाहावें. त्याच्या यात्रेकरूच्या रूपककथेचें हरि केशवजी ह्यांनीं केलेलें भाषांतर १८४१ सालींच ‘यात्रिक क्रमण’ ह्या नांवानें मराठींत आलें. तेव्हां हा पुरुष आम्हांस अगदींच परका नाहीं.

बेडफर्डजवळील एल्स्टो गांवीं १६२८ सालीं तो जन्मला. फुटकीं भांडीं सांधण्याचा बापाचाच धंदा त्यानें उचलला. राजा व पार्लमेंट ह्यांच्या युद्धांत पोरवयांत शिपाईगिरी केली, पुढें लग्न केलें, आणि बायकोनें माहेराहून आणलेलीं दोन धर्मपुस्तकें वाचून तो नेमानें देवळांत जाऊं लागला. शिव्या सोडल्या, नाच सोडला, आवडीचें घंटा वाजविणेंही सोडलें. शेजारी वाहवा करूं लागले. बाह्याचार सुधारला कीं अंतःकरण आपोआप निवळतें असें मानणारे आमच्या समाजांत थोडे नाहींत; त्यांस पुढील हकीकत जरा अडचणीची आहे. बेडफर्डांत दाराशीं उन्हांत बसून कांहीं गरीब बायका आपल्या अंतरांतील देवाच्या कृपेविषयीं बोलत होत्या. तें ऐकतांच ह्या सदाचारी गृहस्थास आपण आंतून कोरडे आहों हें कळून चुकलें.

तेथून खरी यातना सुरू झाली. ख्रिस्तास विकून टाकावें, असा एकच अभद्र विचार सुमारें वर्षभर रात्रंदिवस त्याच्या मनांत घुमत राहिला. जेवतांना, लांकूड तोडतांना, टांचणी उचलण्यास वांकतांनाही तो येई. बनियन त्याच्याशीं हातघाईवर येई. मनांत नकार देतांना हातांनीं व कोंपरांनीं कोणास ढकलावें तसें करी. अखेर एके सकाळीं थकून त्यानें मनांतल्या मनांत रुकार दिला, आणि आपण कायमचे बुडालों ह्या समजुतीनें तो दीर्घकाळ होरपळत राहिला. विचारांवर पहारा ठेवावयाचा म्हणजे प्रत्येकाच्या मागें काठी घेऊन धांवावयाचें, ही त्याची चूक होती.

सुटका झाली ती शेतांतून जातांना. आपलें नीतिमत्त्व स्वर्गांत, ख्रिस्ताच्या ठायीं आहे. आपलें मन चांगलें असलें म्हणून तें वाढत नाहीं, बिघडलें म्हणून घटत नाहीं, असें त्यास एकाएकीं उमगलें. मोह त्यानंतरही आले. पण त्यांचा निकाल लावण्याचा भार आतां त्याच्या एकट्यावर राहिला नाहीं.

ह्या शांतीची परीक्षा कायद्यानें घेतली. राजमान्य चर्चबाहेर प्रवचन करीत असल्याबद्दल नोव्हेंबर १६६० मध्यें त्यास पकडण्यांत आलें. ह्या खटल्यांतील विशेष आम्हां वकिलांस हा वाटतो कीं, तुरुंगाची किल्ली आरोपीच्याच हातीं होती. प्रवचन सोडतों एवढें कबूल करतांच तो सुटला असता. आमच्या राजकीय कैद्यांच्या कहाण्या ज्यांस ठाऊक आहेत, त्यांस असली अट ओळखीची वाटेल. दुसरी बायको एलिझाबेथ न्यायाधीशांपुढें धीटपणें उभी राहिली. सर मॅथ्यू हेल ह्यांनीं तिचें म्हणणें सहानुभूतीनें ऐकलें, पण निकाल फिरला नाहीं. बनियन सुमारें बारा वर्षें, १६७२ पर्यंत, तुरुंगांत राहिला.

त्यास पाषाणहृदयी मात्र समजूं नये. आंधळी मुलगी मेरी बाहेर उपाशी असेल, थंडींत कुडकुडत असेल, ह्या विचारानें त्याचें काळीज फाटे. त्यानें तिला देवाच्या स्वाधीन केलें, आणि कोठडींत बसून नाड्या तयार करून विकण्याचा व कुटुंबास हातभार लावण्याचा क्रम चालू ठेविला. आपल्या मनाची सारी हकीकतही त्यानें १६६६ सालीं तुरुंगांत असतांनाच प्रसिद्ध केली. मुलांच्या खेळण्यासारख्या लहानसहान गोष्टींपासून त्या अभद्र विचारापर्यंत कांहींएक लपविलें नाहीं.

१६८८ सालीं एका बापलेकांतील तंटा मिटवून तो पावसांत भिजत घोड्यावरून लंडनास पोंचला, ज्वरानें आजारी पडला, व कांहीं दिवसांतच वारला. त्याचें थडगें तेथील बनहिल फील्ड्स ह्या दफनभूमींत आहे.