तांदळाचे लाख दाणे

वर्गात मणी मोजायला दिले, की मला विनोबा आठवतात. तुम्हीही ही गोष्ट मुलांना सांगून बघा. १८९५ साली गागोद्यात जन्मलेला विन्या गणितात हुशार. आईने देवाला लाख तांदूळ वाहायचं ठरवलं होतं, रोज एकेक दाणा मोजून. वडिलांनी सुचवलं, तोळाभर मोजा, बाकीचे वजनावर घ्या. आईला पटेना, पण उत्तरही सुचेना. विन्याने समजावलं, की दाण्यागणिक मन देवाशी जोडलं जातं, हा हिशेब नव्हेच. गणितवेड्या मुलाने हे म्हणावं, बघा! योग तो आणखी कुठला?

१९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीता सांगणारे विनोबा पुढे पवनारहून रोज फावडं घेऊन सुरगावला मैला साफ करायला जात. नेम सूर्यासारखा. एकदा पावसात ओढा फुगला, पलीकडे जाता येईना. मग काठावरूनच त्यांनी ओरडून निरोप दिला, की गावचा सफाईवाला येऊन गेला, एवढं देवळात देवाला सांगा.