हिदेकी टोजो : मरणाचा नियम आणि स्वतःचं मरण

दुसऱ्या महायुद्धाचा पाठ शिकवताना हिटलर, मुसोलिनी यांच्या पाठोपाठ हिदेकी टोजो हे नाव येतं. मुलं ते पाठ करतात आणि विसरतात. पण जपानी सैनिक शरण न जाता मरण का पत्करायचे, हा प्रश्न चौकस मुलं विचारतातच. त्याचं बरंचसं उत्तर टोजोच्या आयुष्यात आहे, म्हणून आज त्याच्याविषयी लिहीत आहे.

टोजोचा जन्म १८८४ चा, टोकियोतला. वडील लष्करी अधिकारी, त्यामुळे मुलगाही सैनिकी शिक्षणाकडे गेला. तो लहान असतानाच, १८९० मध्ये, सम्राटांचं शिक्षणविषयक फर्मान निघालं आणि शाळाशाळांतून ते वाचलं जाऊ लागलं. वेळ आली तर सम्राटांसाठी प्राण द्यायचे, हे मुलांच्या मनावर लहानपणीच ठसवलं जाई. शाळेत सम्राटांची तसबीर देवासारखी जपत. आगीत ती वाचवताना शिक्षकांनी जीव गमावल्याच्या नोंदी आहेत. आपण शिक्षकांनी यावर जरा थांबून विचार करावा असं मला वाटतं.

टोजो हुशार असण्यापेक्षा कामसू आणि काटेकोर होता. झटपट निर्णयांमुळे त्याला 'वस्तरा' म्हणत. पंतप्रधान झाल्यावरही तो लोकांच्या कचऱ्याचे डबे तपासायचा, रेशनचं अन्न वाया तर जात नाही ना हे बघायला! सम्राट हिरोहितोंना मात्र तो प्रत्येक गोष्ट स्वतः जाऊन सांगायचा.

१९४० मध्ये तो लष्करमंत्री झाला. जानेवारी १९४१ मध्ये त्याच्या नावाने सैनिकांसाठी 'सेनजिनकुन' ही आचारसंहिता निघाली. कैदी होऊन अपमानाचं जिणं जगू नये, असा तिचा एक नियम होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टोजो पंतप्रधान झाला आणि डिसेंबरमध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला.

या नियमाची किंमत १९४४ च्या उन्हाळ्यात सायपान बेटावर दिसली. तिथले बहुतेक सगळे जपानी सैनिक मेले. पण तिथे साधी माणसंही राहत होती. अमेरिकन सैनिक हाल हाल करतील असं त्यांच्या मनात भरवलेलं. शेकडो लोकांनी कड्यावरून समुद्रात उड्या घेतल्या, आयांनी कडेवरच्या लेकरांसकट. नियम सैनिकांसाठी होता, तो या बायकापोरांपर्यंत पोहोचला. सायपान पडल्यावर टोजोला राजीनामा द्यावा लागला.

१५ ऑगस्ट १९४५ ला सम्राटांनी रेडिओवरून शरणागती जाहीर केली. त्या पहाटेच लष्करमंत्री अनामी यांनी पोट चिरून घेतलं होतं. टोजो मात्र घरीच होता. ११ सप्टेंबरला अमेरिकन सैनिक अटक करायला दारात आले, तेव्हा त्याने छातीवर गोळी झाडून घेतली. हृदय नेमकं कुठे आहे याची खूण त्याने आधीच डॉक्टरांकडून करून घेतली होती, तरी नेम चुकला. अमेरिकन डॉक्टरांनी शत्रूचंच रक्त चढवून त्याला वाचवलं. जपानी लोकांनी त्याची टर उडवली. ज्यांची मुलं त्या नियमापायी गेली, त्यांना काय वाटलं असेल?

पुढे टोकियोत खटला उभा राहिला. (भारताचे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल तिथे होते. सगळे आरोपी निर्दोष आहेत असा वेगळा निकाल त्यांनी लिहिला.) ३१ डिसेंबर १९४७ ला साक्ष देताना टोजो बोलून गेला, की सम्राटांच्या इच्छेविरुद्ध कोणताही जपानी माणूस वागणार नाही. म्हणजे मग युद्धही सम्राटांच्याच इच्छेने झालं! अमेरिकेला तर सम्राटांना खटल्याबाहेर ठेवायचं होतं. आतून निरोप गेले. आठवडाभरात टोजोने पुन्हा साक्ष दिली, की सम्राटांनी आपल्यासारख्यांच्या सल्ल्यावरून नाइलाजाने संमती दिली. स्वतःवरची जबाबदारी त्याने नाकारली नाही.

माझ्या मते टोजोच्या हातून सम्राटांची सर्वांत मोठी सेवा घडली ती तेव्हा, आणि ती घडली तो कैदी म्हणून जिवंत राहिल्यामुळे. सायपानच्या कड्यावरच्या आयांना मात्र जिवंत राहण्याची अशी मुभा कोणी दिली नव्हती.

२३ डिसेंबर १९४८ ला टोजोला फाशी झाली. १९७८ मध्ये यासुकुनी मंदिरात, युद्धात मेलेल्यांच्या यादीत, त्याचंही नाव घालण्यात आलं. हिरोहितो महायुद्धानंतरही अधूनमधून त्या मंदिरात जात असत. त्यानंतर १९८९ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत ते तिथे एकदाही गेले नाहीत.