नोकरी सोडणाऱ्या बाबांच्या दारी

आमच्या शेजारच्या खालांची मुलगी नर्सिंगची परीक्षा पास झाली आणि दोन महिन्यांत तिला हैदराबादच्या एका दवाखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं. खरं तर घरात पेढे वाटायचे, पण सगळ्यांना काळजीच लागली. पोरगी चंद्रपूरची, बल्लारपूर-वरोऱ्याच्या पलीकडे कधी एकटी गेलेली नाही. तिचे अब्बू गप्प झाले. भावाचं म्हणणं, इथंच काहीतरी बघू. खालांनी मात्र ठरवलं की आधी नागपूरला ताजबागला जायचं, दुआ मागायची, मग काय तो निर्णय घ्यायचा. एकटीने कशाला जायचं म्हणून त्यांनी मला गळ घातली. बचत गटाच्या कामातून एक दिवस काढला आणि आम्ही दोघी सकाळच्या गाडीने निघालो.

मैत्रिणींनो, आपल्या भागात ताजुद्दीन बाबांचं नाव माहीत नाही असं घर सापडायचं नाही. हिंदू असो की मुसलमान, टांग्याच्या दुकानापासून किराण्याच्या गल्ल्यापर्यंत त्यांचा फोटो असतो. मीही लहानपणापासून हात जोडत आले. पण त्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या एक विचार मनात आला आणि तो काही जाईना. आम्ही चाललो होतो पोरीच्या नोकरीसाठी दुआ मागायला. आणि ज्यांच्या दारी चाललो होतो, त्या बाबांनी तर स्वतः मिळालेली सरकारी नोकरी सोडून दिली होती! मग त्यांच्या दारात नोकरी मागायची ती कोणत्या तोंडाने?

हिंगणघाट येईपर्यंत खाला बाबांची कथा सांगत होत्या. काही मी आधी वाचलेलं होतं. दोन्ही जोडून सांगते.

बाबांचा जन्म 27 जानेवारी 1861 चा, नागपूरजवळच्या कामठीचा. कामठी म्हणजे इंग्रजांची मोठी लष्करी छावणी. वडील सय्यद बद्रुद्दीन फौजेतच होते. आईचं नाव मरियम बी. मूल वर्षभराचं होतं तेव्हा वडील गेले आणि नऊ वर्षांचं झालं तेव्हा आईही गेली. पुढे आजी आणि मामा यांनी सांभाळलं. कामठीच्या मदरशात अरबी, फारसी, उर्दू शिकले. मुलगा एकटा एकटा राहायचा, खेळण्यापेक्षा विचारात जास्त असायचा. कामठीतले सत्पुरुष अब्दुल्ला शाह यांनी त्याच्यातलं वेगळेपण लहानपणीच ओळखलं होतं, असं भाविक सांगतात.

मग कन्हान नदीला मोठा पूर आला. घरातलं होतं नव्हतं ते वाहून गेलं. आपल्याकडे वर्धा, वैनगंगा, इरईच्या काठच्या बायांना हे समजावून सांगायला नको. पूर ओसरतो, पण त्याने रिकामं केलेलं घर भरायला वर्षं लागतात. मामांनी भाच्याला फौजेत भरती केलं. विशीतला तरुण, डोक्यावर ना आई ना बाप, घरात चणचण. त्याने काही ही नोकरी नको असं म्हटलं नाही. मद्रासी पलटणीत शिपाई म्हणून तो गेला आणि पुढे त्याची बदली सागरला झाली. मला इथे थांबावंसं वाटलं. ज्यांना आपण सगळं सोडलेले बाबा म्हणून ओळखतो, त्यांनी घरावर वेळ आली तेव्हा आधी गणवेश अंगावर चढवला होता.

सागरला हजरत दाऊद मक्की यांचा दर्गा आहे. दिवसाची ड्यूटी संपली की हा शिपाई तिथे जाऊन बसायचा आणि रात्ररात्र इबादत करायचा. ही रात्रीची गैरहजेरी कामठीत आजीच्या कानावर गेली. आता आजीचं मन कुठे जाणार? तरुण पोरगं, परमुलुख, रात्री बाहेर. वाईट संगत लागली असणार! म्हातारी थेट सागरला पोहोचली. सांगतात की एका रात्री ती गुपचूप नातवाच्या मागे गेली आणि पाहते तो काय, पोरगा अंधारात एकटाच अल्लाहच्या नावात बुडालेला. आल्या पावली ती परत फिरली. त्या रात्री तिला पहिल्यांदा शांत झोप लागली असेल. खाला हे सांगत होत्या तेव्हा त्यांचा आवाज जरा जड झाला. पोरीला लांब पाठवायचं म्हणजे काय, ते त्या आजीला आणि त्यांना सारखंच कळत होतं.

काही वर्षांतच बाबांनी राजीनामा दिला. पगार गेला, गणवेश गेला. पण आपल्याला वाटतं तसा लगेच मानमरातब काही मिळाला नाही. जवळचे लोक म्हणू लागले की पोरगं बिघडलं. कामठीच्या रस्त्यांवर ते भान हरपून फिरत, पोरंसोरं दगड मारत. एकदा उघड्या अंगाने इंग्रज मडमांसमोर गेले म्हणून साहेबलोक चिडले आणि 26 ऑगस्ट 1892 रोजी त्यांना नागपूरच्या मनोरुग्णालयात, तेव्हाच्या भाषेत पागलखान्यात, बंद केलं.

एक नाही, दोन नाही, सोळा वर्षं ते तिथे होते. एकतिसाव्या वर्षी आत गेलेला माणूस सत्तेचाळिशीला बाहेर आला. आपल्या आयुष्यातली कामाची, उमेदीची म्हणतो ती सगळी वर्षं गजाआड गेली. पण तिथेही लोक येऊ लागले. आजारी माणसं, मूल नसलेल्या बाया, कोर्टकचेरीने गांजलेले. वेड्यांच्या दवाखान्याच्या दाराशी शहाण्यांची रांग लागली. अखेर 1908 मध्ये नागपूरचे राजे रघुजीराव भोसले यांनी जामीन देऊन बाबांना बाहेर काढलं आणि शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात मोठ्या आदराने ठेवलं. एक हिंदू राजा आणि एक मुसलमान फकीर, हे नातं नागपूर अजून विसरलेलं नाही.

मधली काही वर्षं बाबा सावनेर तालुक्यातल्या वाकी गावी काशिनाथ पाटलांकडे राहिले. तिथे त्यांनी उघड्यावरच जागा ठरवून दिल्या होत्या. एक झाड म्हणजे दवाखाना, एक जागा म्हणजे मदरसा, एक जागा मशीद. दुखणाईताने दवाखान्यात जाऊन बसायचं, विद्या हवी असेल त्याने मदरशात. ना भिंत ना छप्पर. वाकीला जाणारे भाविक आजही त्या जागा भक्तीने बघतात. पुढे बाबा पुन्हा नागपूरला आले. टांग्यातून शहरभर फिरायचे आणि मागे माणसांचा लोंढा. पुण्याचे मेहेरबाबा तरुणपणी त्यांना भेटून गेले आणि आपल्या पाच सद्गुरूंमध्ये त्यांनी ताजुद्दीन बाबांची गणना केली. 17 ऑगस्ट 1925 रोजी बाबांनी देह ठेवला. 2025 साली त्याला शंभर वर्षं झाली. उमरेड रोडवर ताजबागेत त्यांचा दर्गा आहे आणि मोहरमच्या महिन्यात तिथे उरूस भरतो.

हे सगळं ऐकून झालं आणि मी माझी शंका खालांपुढे मांडली. त्या हसल्या. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण त्यांनी जे समजावलं ते मला बी. ए.च्या पुस्तकात मिळालं नव्हतं.

पहिली गोष्ट त्यांनी सांगितली की मागायचं ते अल्लाहपाशी. बाबांच्या मजारीवर फातिहा पढायची आणि ज्या माणसाने एवढा भरवसा ठेवला त्याच्याजवळ बसून आपलं मन घट्ट करायचं. त्यांच्याच नात्यातल्या काहींना दर्ग्यावर जाणं पटत नाही, ते घरीच दुआ मागतात. त्यावर खालांचं भांडण नाही.

दुसरी गोष्ट तवक्कुलची. तवक्कुल म्हणजे अल्लाहवर भरवसा टाकणं. पण भरवसा म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. एका माणसाने पैगंबरांना विचारलं होतं की उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू का. त्याला उत्तर मिळालं ते आधी उंट बांधण्याचं आणि मग भरवसा ठेवण्याचं. खालांच्या हिशोबात उंट बांधणं म्हणजे फॉर्म भरणं, सर्टिफिकेटच्या झेरॉक्स काढणं, मुलाखतीची तयारी करणं आणि दवाखाना, हॉस्टेल कसं आहे याची नीट चौकशी करणं.

मग त्यांनी हजरत मूसांची गोष्ट सांगितली. कुराणातच आहे ती. मूसा मिसर देशातून जीव वाचवून पळाले आणि मदयन गावच्या विहिरीवर पोहोचले. घर नाही, काम नाही, खिशात काही नाही. विहिरीवर धनगरांची गर्दी आणि दोन बहिणी आपली जनावरं घेऊन बाजूला थांबलेल्या. मूसांनी आधी त्यांच्या जनावरांना पाणी पाजलं. मग सावलीत जाऊन बसले आणि मालकाजवळ एवढंच मागितलं की तू जे काही भलं पाठवशील त्याची मला गरज आहे. अमुक नोकरी दे, इतका पगार दे, असं काही नाही. थोड्या वेळाने त्यातलीच एक मुलगी लाजत लाजत आली आणि वडिलांनी बोलावल्याचा निरोप दिला. मूसांना तिथे निदान आठ वर्षांचं काम मिळालं, घर मिळालं, बायको मिळाली. काम शोधणारे कितीतरी मुसलमान आजही हीच दुआ मागतात.

आणि दोन रस्ते समोर असले, पाऊल कुठे टाकावं कळत नसलं, की इस्तिखारा करतात. दोन रकात नमाज पढायची आणि अल्लाहला सांगायचं की हे काम माझ्या भल्याचं असेल तर सोपं कर, नसेल तर माझ्यापासून दूर ने, जिथे भलं असेल ते दे आणि त्यात मला समाधानी ठेव. मला यातलं शेवटचं फार आवडलं. आपण नवस बोलतो तेव्हा देवाला वस्तूचं नाव सांगतो. समाधान मागायचं मात्र राहूनच जातं.

माझ्या शंकेचं उत्तर मला इथेच मिळालं. बाबांनी नोकरी धरली तेव्हा घरासाठी धरली आणि सोडली तेव्हा पुढे काय मिळेल हे न विचारता सोडली. आधी दगड मिळाले, मग कोठडी, वाडा सगळ्यात शेवटी. आपण कुणी नोकरी सोडावी असं त्यातून मुळीच निघत नाही. निघतं ते एवढंच की दार बंद झालं म्हणून भरवसा सोडायचा नाही.

एक गोष्ट कडू आहे, पण सांगायलाच हवी. ताजबागला निघायच्या आधी खालांना एकाने गाठलं होतं. खास पढाई करून नोकरी पक्की करून देतो, त्याचे इतके हजार होतील, असं त्याचं म्हणणं. खाला गळ्यातलं मोडायच्या विचारात होत्या. पोरीनेच अडवलं. मोहल्ल्यांत, वस्त्यांत काम करताना मी असे प्रकार सगळ्या धर्मांत पाहिले आहेत. कुणी गंडा देतो, कुणी शांत करतो, कुणी साहेबाची ओळख सांगतो. बायांनो, दुआला पैसे पडत नाहीत. जो पैसे मागेल त्याच्यापासून चार हात लांब राहा, आणि नोकरीसाठी कुणी आगाऊ रक्कम मागत असेल तर आधी घरात, गटात बोला.

ताजबागेत त्या दिवशी खूप गर्दी होती. गडचिरोली, आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीडकडच्या बायाही भेटल्या. त्यांची एसटी उमरेडवरूनच येते, त्यांना ताजबाग वाटेवरच पडते. कुणाचा मुलगा पोलीस भरतीत धावणार होता, कुणाच्या सुनेची अंगणवाडीची जागा अडली होती. डोळे मिटून, पदर पसरून सगळ्या बसलेल्या. मीही हात जोडले. खाला बराच वेळ उठल्या नाहीत.

परत येताना मी विचारलं की हैदराबादचं मागितलं का. त्यांनी मान हलवली. हैदराबादचं नाव घेतलंच नव्हतं. पोरीचं भलं मागितलं आणि आपल्याला तिला पाठवायची हिंमत मागितली, एवढंच.

पोरगी अब्बूंबरोबर मुलाखतीला जाऊन आली. तिची निवड झाली नाही. ती दोन दिवस रडली, खालाही रडल्या. मला वाटलं, आता भाऊ म्हणेल ते खरं होणार. पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, इतके दिवस गप्प असलेले तिचे अब्बू स्वतः एक फॉर्म घेऊन घरी आले. नागपूरच्या दवाखान्याचा होता. पोरगी तो घेऊन माझ्याकडे आली, काकू, एकदा तपासून द्या म्हणाली. आम्ही दोघी ओट्यावर बसून रकाने भरत होतो आणि आत खालांची मगरिबची नमाज चालू होती.