माहेश्वरींच्या प्रयोगशाळेतील खसखस

पानिपतजवळच्या काला अंबची ओळख मराठी वाचकाला करून द्यावी लागत नाही. १४ जानेवारी १७६१च्या संहाराशी जोडला गेलेला तो आम्रवृक्ष केव्हाच वाळून गेला; आज तेथे स्मृतिस्तंभ उभा आहे. त्या झाडाची कोय कोणी जपून पेरली असती, तर तेच झाड परत आले असते काय? बहुधा नाही. उत्तरेकडील बहुतेक आंब्यांच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि त्यात परागकणाचा वारसाही मिसळलेला असतो. पश्चिम किनाऱ्यावरील काही जातींत मात्र एका कोयीतून अनेक रोपे निघतात आणि त्यांतील बरीच केवळ मातृवृक्षाच्या ऊतीपासून झालेली असतात. आंबा आणि लिंबूवर्गातील या बहुगर्भतेवर १९५८ मध्ये दिल्ली विद्यापीठातून एक निबंध प्रसिद्ध झाला. लेखक होते पंचानन माहेश्वरी आणि त्यांचे शिष्य एन. एस. रंगस्वामी.

माहेश्वरी मूळचे जयपूरचे. जन्म १९०४ चा. अलाहाबादेत विन्फिल्ड डजन या अमेरिकी अध्यापकाने त्यांना वनस्पतींच्या गर्भविकासाकडे वळवले. गुरुदक्षिणा काय द्यावी, असे शिष्याने विचारले, तेव्हा आपण तुझ्यासाठी जे केले तेच तू तुझ्या विद्यार्थ्यांसाठी कर, अशा आशयाचे उत्तर मिळाल्याचे सांगतात. आग्रा, अलाहाबाद, लखनौ असा प्रवास करीत माहेश्वरी १९३९ मध्ये ढाक्याला गेले आणि फाळणीनंतर, १९४९ मध्ये, दिल्लीच्या वनस्पतिशास्त्र विभागाचे प्रमुख झाले.

१९५० मध्ये त्यांचा सपुष्प वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानावरील ग्रंथ न्यूयॉर्कहून प्रसिद्ध झाला. जगभर विखुरलेली निरीक्षणे त्यात एका शिस्तीत आली आणि हा विषय शिकणाऱ्यांच्या पिढ्या त्यावर वाढल्या. पुढच्याच वर्षी दिल्लीहून ‘फायटोमॉर्फॉलॉजी’ हे आंतरराष्ट्रीय नियतकालिक सुरू झाले. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशातील संशोधकाने जगाचे निबंध आपल्याकडे मागवावेत, हे त्या काळी सहजसाध्य नव्हते.

सूक्ष्मदर्शकाखालचे हे काम केवळ चित्रे काढण्याचे होते, असा समज होऊ शकतो. शिंगाड्याचे उदाहरण पाहावे. तो एका कुळात गणला जाई. पण त्या कुळातील वनस्पतींच्या भ्रूणकोशात चार केंद्रके असतात, शिंगाड्यात आठ. बाहेरून न दिसणाऱ्या या फरकामुळे वर्गीकरणच बदलावे लागते, असा माहेश्वरींचा आग्रह होता. पुढे जनुकीय पुराव्यानेही शिंगाड्याला त्या जुन्या कुळाबाहेरच ठेवले.

तरीही केवळ पाहण्यावर ते थांबले नाहीत, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांचे मोठेपण येथे आहे. आपण ज्या पद्धतीत सर्वश्रेष्ठ ठरलो, ती पुरेशी नाही हे पन्नाशीच्या आसपास ओळखणारे प्राध्यापक विरळाच. त्यांनी विभागात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. १९६२ मध्ये कुसुम कांता, रंगस्वामी आणि माहेश्वरी यांनी अफूच्या फुलातील बीजांडे काढून पोषक माध्यमावर ठेवली आणि तेथेच त्यांच्यावर परागकण सोडले. फुलाबाहेर, काचनळीत, फलन होऊन बीजे तयार झाली. मानवी परीक्षानळी शिशूचा जन्म त्यानंतर सोळा वर्षांनी झाला. अर्थात दोन्हींचा थेट संबंध नाही. पण परागीकरणाच्या नैसर्गिक अडथळ्यांना वळसा घालण्याची वाट संकर करणाऱ्यांना त्यातून दिसली.

१९६४ मध्ये याच विभागात शिप्रा गुहा आणि सतीश माहेश्वरी यांनी धोतऱ्याच्या परागकोशांपासून गर्भ मिळवले. परागकणापासून निघालेल्या अशा रोपात गुणसूत्रांचा एकच संच असतो. तो दुप्पट केला की शुद्ध वाण एका पायरीत हाती येते. एरवी त्यासाठी पिढ्यानपिढ्या स्वपरागीकरण करावे लागते. भात, गहू, बार्ली यांच्या पैदाशीत हे तंत्र जगभर रुजले. सतीश हे पंचाननांचे पुत्र. त्या निबंधावर पित्याचे नाव नाही. संशोधकाचे वजन त्याच्या नावावरील निबंध मोजून ठरवणाऱ्या आजच्या समित्यांना हा प्रभाव कोणत्या रकान्यात लिहावा, हे कळणार नाही.

अखेरच्या वर्षांत उच्च माध्यमिक शाळांसाठी जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्या मंडळाचे काम त्यांनी अंगावर घेतले. १९६५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. १८ मे १९६६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, विभागप्रमुखपदावर असतानाच.