शिक्षकांच्या हाती कारभार : नामदार गोपाळ कृष्ण गोखले

पानशेतच्या खोऱ्यातून व वेल्ह्याच्या डोंगराळ भागातून आपली मुलेमुली उच्च शिक्षणासाठी पुण्यास जातात, तेव्हा महाविद्यालयाची फी किती, वसतिगृह कसे, निकाल कसा लागतो, याची चौकशी आपण अगत्याने करतो. परंतु त्या संस्थेचा कारभार कोण पाहतो आणि तेथे शिकविणाऱ्यांच्या शब्दाला कारभारात काही मोल आहे किंवा नाही, हे विचारण्याचे आपल्या मनात क्वचितच येते. वास्तविक विद्यासंस्थेचे बरेवाईट पुष्कळ अंशी याच गोष्टीवर अवलंबून असते. ज्या पुरुषाने हा प्रश्न आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे वेचून सोडविण्याचा प्रयत्न केला, त्या नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या चरित्राचे स्मरण म्हणूनच येथे करावयाचे आहे.

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते. गोपाळराव तेरा वर्षांचे असताना, १८७९ साली, पितृछत्र हरपले. वडील बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून नोकरी पत्करली आणि पंधरा रुपयांच्या मासिक प्राप्तीतून आठ रुपये धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठविण्याचा क्रम ठेवला. या ऋणाची जाणीव गोपाळरावांना आयुष्यभर राहिली. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज येथे अध्ययन करून १८८४ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, ते पदवीधर झाले. अशा तरुणास सरकारी नोकरी किंवा वकिली हे दोन्ही मार्ग मोकळे होते, आणि घरच्या ओढग्रस्तीमुळे त्यांचा मोहही स्वाभाविक होता. तथापि १८८५ साली ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले.

ही शाळा १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक व महादेव बल्लाळ नामजोशी यांनी काढली होती. गोपाळ गणेश आगरकर व वामन शिवराम आपटे त्यांना पुढे मिळाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. या संस्थेच्या घटनेत एक अपूर्व योजना होती. जे शिक्षक वीस वर्षे अल्प वेतनावर सेवा करण्याची प्रतिज्ञा घेतील ते आजीव सदस्य, आणि शाळा-कॉलेजांचा दैनंदिन कारभार या सदस्यांच्याच मंडळाने बहुमताने पाहावयाचा. येथे धनी कोणी नाही आणि चाकरही कोणी नाही. जो वर्गात शिकवितो तोच सायंकाळी बसून जमाखर्च तपासतो, नेमणुका करतो व नियम ठरवितो. १८८६ साली गोखले यांनी ही प्रतिज्ञा घेतली. पुढे मासिक पंचाहत्तर रुपयांवर त्यांनी आपला प्रपंच चालविला.

वर्गातील त्यांचे काम पडेल ते होते. इंग्रजी वाङ्मय, गणित, इतिहास, अर्थशास्त्र अशा भिन्न विषयांचे अध्यापन त्यांनी केले. अंकगणितावरील त्यांचे पाठ्यपुस्तकही शाळांतून दीर्घकाळ चालले. परंतु मंडळाच्या बैठकीतील काम अध्यापनापेक्षा कठीण होते. समान अधिकाराची विद्वान माणसे एकत्र बसली म्हणजे मतभेद अटळ असतात. आजीव सदस्याने आपला सर्व वेळ संस्थेस द्यावा व बाहेरील प्राप्तीचा मोह धरू नये, असा टिळकांचा कटाक्ष होता. सदस्यांना काही मोकळीक असावी, असे इतर बहुतेकांस वाटे. १८९० साली गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, तेव्हा हा वाद विकोपास गेला. बहुमत गोखले यांच्या बाजूने पडले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस टिळकांनी संस्थेचा राजीनामा दिला.

या प्रकरणी एकाच पक्षास दोष देणे न्यायाचे होणार नाही. टिळकांचा आग्रह संस्थेच्या मूळ ध्येयास धरून होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु येथे जो वाद झाला तो शिक्षकांनी शिक्षकांशी, समान पातळीवरून, आपल्याच संस्थेच्या तत्त्वासाठी केला. वरून हुकूम आला आणि खालच्यांनी मान तुकविली, असे घडले नाही. स्वयंशासनाची ही किंमतच आहे, आणि ती संस्थेने एक थोर शिक्षक गमावून मोजली.

टिळक गेल्यावर गणिताच्या अध्यापनाची उणीव भासू लागली. तेव्हा गोखले यांनी आपले सहाध्यायी धोंडो केशव कर्वे यांस १८९१ साली बोलावून घेतले. पुढे महर्षी म्हणून गाजलेले कर्वे अशा रीतीने पुण्यास आले. सोसायटीचे चिटणीस या नात्याने गोखले यांनी कॉलेजच्या इमारतीसाठी सुट्ट्यांतून गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली. १८९५ साली कॉलेज चतुःशृंगीच्या बाजूस नव्या इमारतीत गेले. १९०२ साली ते सेवानिवृत्त झाले. राष्ट्रसभा, कायदेमंडळ व न्यायमूर्ती रानडे यांच्या मार्गदर्शनाखालील सार्वजनिक कार्य यांचा वाढता व्याप सांभाळूनही त्यांनी घेतलेले व्रत मोडले नाही, हे विशेष होय.

संस्थेत मिळालेला हा अनुभव त्यांस वरिष्ठ कायदेमंडळात उपयोगी पडला. लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने १९०३ साली विद्यापीठांच्या पुनर्रचनेचे विधेयक आणले. मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर पूर्वी सरकार तहहयात फेलो नेमीत असे आणि त्यांच्या संख्येस मर्यादा नव्हती; यात सुधारणा हवी होती, हे गोखले यांस मान्य होते. नव्या योजनेत मुंबईच्या सिनेटची कमाल संख्या शंभर ठेवून त्यांतील बहुतेक जागा सरकारी नेमणुकीच्या ठेवल्या होत्या व निवडणुकीस थोड्याच जागा मोकळ्या होत्या. यामुळे विद्यापीठ हे सरकारचे एक खाते होऊन बसेल आणि सुशिक्षित हिंदी जनतेचा तेथील अधिकार लुप्त होईल, असा त्यांचा आक्षेप होता. अध्यापन सुधारावयाचे तर पैसा व चांगले शिक्षक द्यावेत, केवळ सत्तेची सूत्रे आवळून विद्या वाढत नाही, ही त्यांची भूमिका होती. दुरुस्त्या त्यांनी चिकाटीने मांडल्या. परंतु सरकारी मताधिक्यापुढे त्यांचे चालले नाही आणि १९०४ साली कायदा संमत झाला.

१९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी बनारसच्या राष्ट्रसभेचे अध्यक्षपद भूषविले. १९११ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे विधेयक मांडले. पुढील वर्षी ते अडतीस विरुद्ध तेरा मतांनी फेटाळले गेले. आपल्या डोंगरकपारीतील गावांना शाळेचे तोंड दिसावे, यासाठीच तो प्रयत्न होता. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाची एकोणपन्नास वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांचे पुण्यात देहावसान झाले.

आज आपल्या राज्यातील विद्यापीठांच्या २०१६ च्या कायद्यात अधिसभेवर शिक्षकांच्या निर्वाचित प्रतिनिधींना स्थान आहे. आजीव सदस्यांची परंपराही महाराष्ट्रातील अनेक संस्थांनी उचलली. परंतु कायद्याने खुर्ची मिळते. तिच्यावर बसून निःस्पृहपणे बोलण्याचे बळ चारित्र्यातूनच येते. काम करणाऱ्याचा शब्द कारभारात का ऐकला जावा, हे पानशेतकरांस निराळे सांगावयास नको. १२ जुलै १९६१ रोजी फुटलेल्या धरणाचे काम अपुरे असतानाच त्यात पाणी साठविले गेले होते, आणि त्या घाईचे प्रायश्चित्त निरपराध पुण्यास भोगावे लागले.

आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबांचा शाळांशी व वसतिगृहांशी संबंध येतो; कोणी देणगीदार असतात, कोणी कार्यकारिणीवर असतात. त्यांनी गोखले यांच्या चरित्रातून एवढे घ्यावे, की देणगी देणाऱ्याचा मान राखावा, हिशेब चोख ठेवावा, परंतु काय व कसे शिकवावे हे ठरविताना शिकविणाऱ्यास दाराबाहेर उभे करू नये. आणि आपल्यांपैकी जे शिक्षक आहेत त्यांनी हेही ध्यानी घ्यावे, की कारभाराचा अधिकार गोखले यांनी मागितला तो वीस वर्षांची सेवा आधी वाहून.