गुल्येल्मो मार्कोनी

गुल्येल्मो मार्कोनी (२५ एप्रिल १८७४ – २० जुलै १९३७) हे इटालियन संशोधक, अभियंता व उद्योजक होते. रेडिओलहरींच्या साहाय्याने दूरवर बिनतारी संदेश पाठविण्याची व्यवहारोपयोगी पद्धत त्यांनी विकसित केली. या कार्याबद्दल १९०९ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांच्यासमवेत विभागून देण्यात आले. आकाशक अर्थात अँटेना किती उंच उभारावा, तो वाऱ्यात कसा टिकवावा आणि कोणत्या तरंगलांबीसाठी बांधावा, हे प्रश्न त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीत महत्त्वाचे राहिले. १९२७ साली भारत व इंग्लंड यांच्यात सुरू झालेली लघुलहरी तारसेवा त्यांच्या कंपनीच्या शलाका पद्धतीवर आधारित होती. तिची भारतातील केंद्रे महाराष्ट्रात खडकी व दौंड येथे होती.

बालपण व सुरुवातीचे प्रयोग

मार्कोनी यांचा जन्म इटलीतील बोलोन्या येथे झाला. वडील ज्युसेप्पे हे जमीनदार होते, तर आई ॲनी जेम्सन या आयर्लंडमधील मद्यनिर्मात्या जेम्सन घराण्यातील होत्या. त्यांचे शिक्षण मुख्यतः खाजगी शिक्षकांकडे झाले. बोलोन्या विद्यापीठातील प्राध्यापक ऑगुस्तो रिगी यांच्या सहवासातून त्यांना हाइन्रिख हर्ट्‌झ यांच्या विद्युतचुंबकीय लहरींवरील संशोधनाची ओळख झाली. पोंतेक्किओ येथील घरात त्यांनी १८९४–९५ मध्ये प्रयोग केले. प्रेषकाचे एक टोक जमिनीत पुरून दुसरे टोक उंच टांगलेल्या वाहकाला जोडल्यास पल्ला अनेक पटींनी वाढतो, असे त्यांना आढळले. या रचनेमुळे संदेश टेकडीपलीकडे सुमारे अडीच किलोमीटरपर्यंत पोहोचू लागले.

इंग्लंडमधील कार्य

१८९६ साली मार्कोनी लंडनला गेले व त्यांनी बिनतारी संदेशवहनाच्या एकस्वासाठी अर्ज केला. ब्रिटिश टपाल खात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी त्यांना साहाय्य केले. मे १८९७ मध्ये ब्रिस्टल खाडीवरून सुमारे ६ किलोमीटर अंतरावर संदेश पाठविण्यात आला. त्याच वर्षी त्यांची कंपनी स्थापन झाली. मार्च १८९९ मध्ये इंग्लिश खाडीपलीकडे फ्रान्सशी संपर्क साधण्यात यश आले. एकाच वेळी अनेक केंद्रे एकमेकांत व्यत्यय न आणता काम करू शकावीत, यासाठी प्रेषक व ग्राही एकाच तरंगलांबीला जुळवण्याच्या पद्धतीचे एकस्व त्यांनी १९०० साली घेतले.

पोल्डू येथील दुर्घटना

अटलांटिकपलीकडे संदेश पाठविण्यासाठी मार्कोनी यांनी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळ, कॉर्नवॉलमधील पोल्डू येथे केंद्र उभारले. तेथील प्रेषकाची आखणी जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी केली होती. आकाशकासाठी सुमारे ६१ मीटर उंचीचे २० खांब वर्तुळाकार उभे करण्यात आले. प्रत्येक खांबाला वर्तुळाच्या आत-बाहेरच्या दिशेने ताणतारा होत्या. बाजूच्या दिशेने मात्र खांबांचे माथे केवळ एकमेकांना बांधलेले होते. त्यामुळे एक खांब कोसळल्यास शेजारच्या खांबांचा आधार जाण्याचा धोका होता. कंपनीचे अभियंता रिचर्ड व्हिव्हियन यांनी या रचनेस आक्षेप घेतला होता, परंतु तो मान्य झाला नाही.

१७ सप्टेंबर १९०१ रोजी झालेल्या वादळात पोल्डूचे संपूर्ण वर्तुळ जमीनदोस्त झाले. अमेरिकेतील केप कॉड येथे तशाच पद्धतीने उभारलेले खांबही नोव्हेंबर १९०१ मध्ये वाऱ्याने पडले. पोल्डू येथे घाईने दोन खांब उभारून त्यांच्यामध्ये पंख्याच्या आकारात तारा टांगण्यात आल्या. अमेरिकेतील केंद्र निरुपयोगी झाल्यामुळे मार्कोनी यांनी ग्रहणासाठी कॅनडाच्या बाजूचे, तुलनेने जवळचे न्यू फाउंडलंड बेट निवडले.

सिग्नल हिल येथील प्रयोग

न्यू फाउंडलंडमधील सेंट जॉन्सजवळच्या सिग्नल हिल या टेकडीवर खांब उभारण्यास वेळ नव्हता. त्यामुळे मार्कोनी व त्यांचे सहकारी जॉर्ज केंप आणि पर्सी पॅजेट यांनी फुगे व पतंग यांच्या साहाय्याने तार उंच नेण्याचे ठरविले. सोसाट्याच्या वाऱ्याने फुगा उडवून नेला व एक पतंगही गमावला गेला. १२ डिसेंबर १९०१ रोजी दुसऱ्या पतंगाने सुमारे १५० मीटर लांबीची तार उचलून धरली. पतंग वर-खाली होत असल्याने आकाशकाचे विद्युत गुणधर्म सतत बदलत होते व विशिष्ट तरंगलांबीला जुळवलेला ग्राही निरुपयोगी ठरत होता. म्हणून मार्कोनी यांनी साध्या शोधकाला टेलिफोनचा श्रवणभाग जोडला. सुमारे ३,५०० किलोमीटरवरील पोल्डूहून आलेली मोर्स लिपीतील एस या अक्षराची तीन टिंबे आपण व केंप यांनी ऐकली, असे त्यांनी जाहीर केले.

या दाव्याबद्दल पुढे शंका व्यक्त झाल्या. ग्रहणाची कोणतीही यांत्रिक नोंद नव्हती आणि त्या तरंगलांबीच्या लहरी दिवसा एवढ्या दूर पोहोचणे कठीण असते. फेब्रुवारी १९०२ मध्ये फिलाडेल्फिया या जहाजावर मार्कोनी यांनी कागदी फितीवर संदेशांची नोंद घेतली. रात्री सुमारे २,५०० किलोमीटरपर्यंत संदेश मिळाले, तर दिवसा पल्ला सुमारे १,१०० किलोमीटरवरच थांबला.

आकाशकाच्या रचनेतील बदल

दुर्घटनेनंतर पोल्डू येथे सुमारे ६५ मीटर उंचीचे चार लाकडी जाळीदार मनोरे बांधण्यात आले. प्रत्येक मनोरा स्वतंत्रपणे उभा राहू शकेल, अशी त्यांची रचना होती. कॅनडातील ग्लेस बे येथेही चार मनोऱ्यांची हीच पद्धत वापरण्यात आली आणि डिसेंबर १९०२ मध्ये तेथून इंग्लंडला संदेश गेला.

१९०५ च्या सुमारास मार्कोनी यांनी आडव्या, लांब तारांच्या आकाशकाचा अवलंब केला. अशा तारेचे आडवे अंग ज्या दिशेच्या उलट पसरलेले असते, त्या दिशेला अधिक ऊर्जा जाते, हे त्यांनी दाखविले. यामुळे उंची वाढविण्याची गरज काहीशी कमी झाली. आयर्लंडमधील क्लिफ्डेन आणि ग्लेस बे यांच्यात ऑक्टोबर १९०७ मध्ये सुरू झालेली व्यापारी सेवा याच तत्त्वावर चालत असे.

लघुलहरी व हौशी रेडिओ

दीर्घ लहरींसाठी अवाढव्य आकाशक व प्रचंड शक्ती लागत असे. मार्कोनी व चार्ल्स फ्रँकलिन यांनी १९१६ पासून आखूड लहरींवर प्रयोग सुरू केले. त्याच सुमारास हौशी रेडिओचालकांनी या लहरींचे सामर्थ्य स्वतंत्रपणे दाखवून दिले. अमेरिकेच्या १९१२ च्या कायद्याने त्यांना २०० मीटर व त्याहून आखूड लहरींपुरतेच मर्यादित केले होते, कारण त्या लहरी व्यापारी दृष्ट्या टाकाऊ समजल्या जात. मात्र नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्सचे लेऑन देलॉय व अमेरिकेचे फ्रेड श्नेल यांनी सुमारे ११० मीटर तरंगलांबीवर अटलांटिकपलीकडे दुतर्फा संवाद साधला.

१९२३ मध्येच मार्कोनी यांनी एलेत्रा या आपल्या नौकेवरून पोल्डूहून येणाऱ्या ९७ मीटर लहरी केप व्हर्द बेटांपर्यंत ऐकल्या. वातावरणाच्या वरच्या थरातील आयनांबरावरून या लहरी परावर्तित होत असल्याने त्या दूर पोहोचतात. दिवसा व रात्री आयनांबराची स्थिती बदलते. त्यामुळे एकच तरंगलांबी चोवीस तास उपयोगी पडत नाही.

खडकी व दौंड केंद्रे

१९२४ साली ब्रिटिश सरकारने कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका व भारत यांच्याशी संपर्कासाठी शलाका केंद्रे उभारण्याचा करार मार्कोनी कंपनीशी केला. फ्रँकलिन यांनी आखलेल्या आकाशकात उंच खांबांमध्ये उभ्या तारांचा पडदा टांगलेला असे व त्यामागे परावर्तक तारांचा दुसरा पडदा असे. त्यामुळे लहरी एका अरुंद शलाकेत केंद्रित होत आणि अल्प शक्तीत काम भागे.

भारतातील सेवा सप्टेंबर १९२७ मध्ये इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीमार्फत सुरू झाली. प्रेषण केंद्र पुण्याजवळील खडकी येथे, तर ग्रहण केंद्र दौंड येथे होते. शक्तिशाली प्रेषकाजवळ दुर्बळ संदेश ऐकणे अशक्य असल्याने दोन्ही केंद्रे दूर ठेवण्यात आली. इंग्लंडमध्ये ग्रिम्सबी व स्केगनेसजवळील केंद्रे यांच्याशी त्यांचा संपर्क असे. या मार्गावर सुमारे १६ व ३४ मीटर अशा दोन तरंगलांबी वापरल्या जात.

१८७० पासून मुंबई व इंग्लंडमधील तारव्यवहार समुद्री तारांवर अवलंबून होता. शलाका सेवेचे दर कमी असल्याने समुद्री तार कंपन्यांना मोठी स्पर्धा निर्माण झाली आणि १९२९ मध्ये दोन्ही व्यवसायांचे एकत्रीकरण झाले. भारतातील कंपनी १९३२ मध्ये इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनी बनली. १९४७ मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण होऊन ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस अस्तित्वात आली. १९८६ मध्ये तिचे विदेश संचार निगम लिमिटेडमध्ये रूपांतर झाले.

श्रेयाविषयीचे वाद

रेडिओच्या शोधाचे श्रेय एकट्या मार्कोनी यांना देता येत नाही. मार्कोनी यांच्या पहिल्या एकस्वाआधीच जगदीशचंद्र बोस यांनी कोलकाता येथे विद्युतचुंबकीय लहरींची प्रात्यक्षिके केली होती. सिग्नल हिल येथे वापरलेला पाऱ्याचा शोधक बोस यांनी १८९९ मध्ये वर्णन केलेल्या उपकरणावर आधारित होता, असे काही अभ्यासकांचे मत आहे. १९४३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्कोनी यांच्या जुळवणीविषयक अमेरिकी एकस्वातील प्रमुख दावे ऑलिव्हर लॉज, निकोला टेस्ला व जॉन स्टोन यांच्या पूर्वीच्या कार्यामुळे अवैध ठरविले.

उत्तरायुष्य व मृत्यू

मार्कोनी १९१४ मध्ये इटलीच्या सिनेटचे सदस्य झाले. १९२३ मध्ये त्यांनी फॅसिस्ट पक्षात प्रवेश केला आणि १९३० मध्ये ते इटलीच्या रॉयल अकादमीचे अध्यक्ष झाले. इथिओपियावरील इटलीच्या आक्रमणाचे त्यांनी समर्थन केले होते. त्यांचा पहिला विवाह १९०५ मध्ये बिॲट्रिस ओब्रायन यांच्याशी व दुसरा १९२७ मध्ये मारिया क्रिस्तिना बेझ्झी-स्काली यांच्याशी झाला. २० जुलै १९३७ रोजी रोम येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ ब्रिटनमधील रेडिओ केंद्रांनी दोन मिनिटे प्रक्षेपण थांबविले.

वारसा

पोल्डूच्या दुर्घटनेतून पुढे आलेले प्रश्न आजच्या हौशी रेडिओचालकांसमोरही असतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाल्यास आकाशकावरील दाब चौपट होतो. त्यामुळे वाऱ्याला आडवा येणारा पृष्ठभाग कमी ठेवणे व आधारांना चहूबाजूंनी ताणतारा देणे आवश्यक ठरते. अर्धलहरी आकाशकाला ८० मीटर पट्ट्यासाठी सुमारे ४० मीटर, तर २० मीटर पट्ट्यासाठी केवळ १० मीटर तार लागते. अनेक पट्ट्यांसाठी एकाच मध्यबिंदूपासून वेगवेगळ्या लांबीच्या तारा पसरवता येतात. अशा तारांचा पृष्ठभाग अल्प असल्याने, त्यांना थोडी ढील ठेवली वा एका टोकाला कप्पी व वजन लावले, तर त्या वाऱ्यात तुटण्याऐवजी झुलतात. म्हणून वादळी ठिकाणी अवजड, फिरत्या आकाशकांपेक्षा असा साधा तारेचा आकाशक अनेकदा अधिक टिकाऊ ठरतो.