विश्लेषण : रवींद्रनाथ टागोरांच्या चित्रांतले ‘ते’ डोळे कुणाचे?

रवींद्रनाथ टागोर म्हटले की ‘गीतांजली’, ‘जन गण मन’ आणि छातीवर रुळणारी पांढरी दाढी आठवते. पण साठी ओलांडल्यावर या कवीने हाती रंग घेतले आणि आयुष्याच्या अखेरच्या दीड दशकात दोन हजारांहून अधिक चित्रे काढली. त्यांतला मोठा भाग आहे चेहऱ्यांचा. या चेहऱ्यांत सर्वांत आधी लक्ष जाते ते डोळ्यांकडे. ते थेट समोरच्याकडे बघतात, काही सांगत नाहीत आणि तरीही सोडत नाहीत. हे डोळे कुणाचे? टागोरांनी ते असे का रंगवले?

घरात चित्रकार, मग टागोर इतक्या उशिरा का?

७ मे १८६१ रोजी कोलकात्यातील जोरासांकोच्या वाड्यात रवींद्रनाथांचा जन्म झाला. या घराला चित्रकला नवीन नव्हती. थोरले बंधू ज्योतिरिंद्रनाथ पेन्सिलीने माणसांची चित्रे काढत. पुतणे अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ पुढे आधुनिक भारतीय चित्रकलेतील मोठी नावे ठरले. रवींद्रनाथांना मात्र आपला हात चित्रासाठी नाही असेच वाटत राहिले. त्यांनी कलेचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. १९१९ मध्ये त्यांनी शांतिनिकेतनात कलाभवन सुरू केले आणि नंदलाल बोस यांच्यासारखा चित्रकार तिथे आणला. पण स्वतः ते शब्दांतच रमले.

मुंबईशी काय संबंध?

१८७८ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, इंग्लंडला जाण्यापूर्वी रवींद्रनाथ काही काळ मुंबईत राहिले. यजमान होते प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग, म्हणजे मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे बंधू. डॉक्टरांची कन्या अन्नपूर्णा इंग्लंडला जाऊन आलेली होती. या बुजऱ्या बंगाली मुलाला इंग्रजी बोलण्याचा आणि तिथल्या रीतिरिवाजांचा सराव तिने करून द्यायचा, असे ठरले होते. रवींद्रनाथांनी तिला ‘नलिनी’ हे नाव दिले. हे नाव पुढे त्यांच्या लेखनातही आले.

म्हातारपणी या दिवसांबद्दल लिहिताना त्यांनी तिची एक विनंती नोंदवली आहे. चेहऱ्याची रेषा झाकली जाईल अशी दाढी कधी ठेवू नकोस, असे तिने सांगितले होते. ही विनंती त्यांनी पाळली नाही, हे सगळ्या जगाला माहीत आहे. पण ते पाहायला अन्नपूर्णा राहिली नाही. १८९१ मध्येच तिचे निधन झाले.

कादंबरी देवी कोण होत्या?

चित्रांतल्या डोळ्यांविषयी सर्वाधिक घेतले जाणारे नाव आहे कादंबरी देवींचे. ज्योतिरिंद्रनाथांशी १८६८ मध्ये त्यांचे लग्न झाले तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या आणि धाकटा दीर रवी सात वर्षांचा. मोठ्या वाड्यात ही दोन मुले एकमेकांची सोबती झाली. रवींद्रनाथ तेरा वर्षांचे असताना त्यांची आई गेली. त्यानंतर तर या वहिनीचाच आधार राहिला. कविता लिहून झाली की आधी तिला ऐकवायची, असा शिरस्ता पडला.

डिसेंबर १८८३ मध्ये रवींद्रनाथांचे लग्न झाले. एप्रिल १८८४ मध्ये कादंबरी देवींनी आयुष्य संपवले. त्यामागच्या कारणांवर आजही तर्क लढवले जातात. कारण काहीही असो, बावीस वर्षांच्या रवींद्रनाथांसाठी हा घाव कायमचा ठरला. पुढे १९०२ मध्ये पत्नी मृणालिनी, १९०३ मध्ये मुलगी रेणुका, १९०७ मध्ये धाकटा मुलगा शमींद्रनाथ आणि १९१८ मध्ये थोरली मुलगी माधुरीलता अशी जवळची माणसे एकेक करून गेली. १९१३ च्या नोबेलने जगभर नाव झाले, पण ज्यांच्याशी मन मोकळे करावे असे चेहरे भोवतालून कमी होत गेले.

चित्रांची सुरुवात कशी झाली?

खाडाखोडीतून! कवितेच्या हस्तलिखितात शब्द खोडले की पानावर काळे डाग उरत. ते टागोरांना खुपत. मग ते एक डाग दुसऱ्याला रेषेने जोडत आणि त्यातून एखादा पक्षी, एखादा विचित्र प्राणी किंवा चेहरा तयार होई. १९२४ मध्ये पेरूला निघालेले टागोर वाटेत आजारी पडले आणि अर्जेंटिनात मुक्कामाला राहिले. ब्युनोस आयर्सजवळ सान इसिद्रो इथे लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो यांनी त्यांची व्यवस्था केली. ‘पूरबी’च्या वहीतील या आकृत्यांनी त्या चकित झाल्या. १९२८ च्या सुमारास खाडाखोड मागे पडली आणि टागोर स्वतंत्र चित्रे काढू लागले.

शाई, खडू, कापड आणि बोटे

टागोरांनी कोणतेही एक माध्यम धरून ठेवले नाही. लिहिण्याची शाई, रंगीत शाया, जलरंग, पोस्टर कलर, रंगीत खडू असे जे हाताशी असेल ते एकाच कागदावर येई. कुंचल्याऐवजी अनेकदा पेनची मागची बाजू, कापडाचा बोळा किंवा स्वतःची बोटे चालत. आज याला ‘मिक्स्ड मीडिया’ म्हणतात.

या पद्धतीचा डोळ्यांशी थेट संबंध आहे. शाई पारदर्शक असते. तिचे थर चढत जातात तसा कागद गडद होतो, पण जिथे थर कमी असतो तिथे खालचा कागद उजेडासारखा चमकतो. त्यामुळे टागोरांचे चेहरे अंधारातून हळूहळू पुढे आल्यासारखे दिसतात. त्यांना लाल आणि हिरव्या रंगांतला फरक नीट जाणवत नसावा, असे काही अभ्यासकांनी मांडले आहे. त्यांच्या चित्रांतील तपकिरी आणि काळसर रंगांकडे त्या अंगानेही पाहिले जाते.

यांतली सर्वांत ओळखीची प्रतिमा आहे एका स्त्रीची. लंबगोल चेहरा, डोक्यावर पदर, किंचित वळलेली किंवा थेट समोर रोखलेली मान आणि न हलणारी नजर. दागिने नाहीत, मागे घर नाही, झाड नाही. ती कोण, कुठली, श्रीमंत की गरीब, हे कळायला काहीही जागा नाही. उरतात ते फक्त डोळे.

पॅरिसमध्ये काय घडले?

मे १९३० मध्ये पॅरिसच्या पिगाल गॅलरीत टागोरांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले. ओकाम्पो यांनीच ते घडवून आणले. त्यानंतर त्याच वर्षी इंग्लंड, जर्मनी, डेन्मार्क, स्वित्झर्लंड, रशिया आणि अमेरिकेत चित्रे दाखवली गेली.

हा क्षण महत्त्वाचा का? टागोरांची कविता बंगालीबाहेर पोहोचायची ती अनुवादातून, आणि अनुवादात बरेच काही गळून जाते याची त्यांना पुरेपूर जाणीव होती. युरोपात त्यांच्या इंग्रजी कवितांचे कौतुकही तोवर ओसरले होते. चित्राला मात्र दुभाषा लागत नव्हता. बंगालीचा एक शब्दही न कळणारा माणूस त्या स्त्रीसमोर उभा राहू शकत होता.

बर्लिनच्या नॅशनल गॅलरीला टागोरांनी पाच चित्रे दिली. १९३७ मध्ये नाझी राजवटीने आधुनिक कलेला ‘विकृत’ ठरवून संग्रहालयांतून हटवले, तेव्हा ही चित्रेही काढण्यात आली.

मग डोळे नेमके कुणाचे?

अनेक अभ्यासकांना त्यांत कादंबरी देवी दिसतात. टागोरांचे आयुष्य पाहता हे पटण्यासारखे आहे. पण त्यांनी काढलेल्या चेहऱ्यांत पुरुष आहेत, मुखवट्यासारखे चेहरे आहेत, स्वतःची दाढीधारी आत्मचित्रेही आहेत. सगळ्यांचे उत्तर एका नावात बसत नाही.

शिवाय टागोरांनी आपल्या बहुतेक चित्रांना शीर्षकच दिले नाही. आयुष्यभर शब्दांवर जगलेल्या माणसाने चित्राखाली एक शब्द लिहायचे टाळले, ही साधी गोष्ट नाही. नाव दिले असते तर पाहणारा ‘अच्छा, ही अमुक होय’ म्हणून पुढे गेला असता. नाव नाही म्हणून तो थांबतो आणि त्या नजरेत स्वतःचे कुणीतरी शोधू लागतो. टागोरांना गमावलेली माणसे त्या डोळ्यांत दिसत असतील, तर पाहणाऱ्याला आपली दिसतात.

७ ऑगस्ट १९४१ रोजी, जन्म झाला त्याच वाड्यात टागोरांचे निधन झाले. १९७६ मध्ये त्यांच्या चित्रांना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा मिळाला. शांतिनिकेतनातील रवींद्र भवन आणि दिल्लीची नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट यांच्या संग्रहांत ती जपलेली आहेत. मोबाइलच्या पडद्यावरही ती सहज सापडतात. एखादा चेहरा मोठा करून बघितला, तर कोण कुणाकडे बघते आहे, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.